रोज सकाळी नऊला येणारा 'सौरस्फोट' आणि त्याचा बंदोबस्त

आधी तक्रार सांगतो.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात माझ्या घराच्या स्लॅबवर सूर्याचे रेडिओ स्फोट टिपणारा एक साधा संच लावलाय. 60 मेगाहर्ट्झसाठी कापलेला डायपोल, म्हणजे दोन नळ्यांची साधी अँटेना, दोन्ही बाजूंना 1.19 मीटरची ॲल्युमिनियमची नळी. तो दक्षिणोत्तर आडवा बांधलाय, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा सूर्य दिवसभर त्याच्या अंगासमोर राहतो, टोकासमोर येत नाही. खाली आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ, आणि शाळेने मोडीत काढलेला लॅपटॉप. पडद्यावर उभ्या बाजूला वारंवारता, आडव्या बाजूला वेळ. 45 ते 80 मेगाहर्ट्झ हा पट्टा खालून वर झाडून काढायला डोंगलला सव्वा सेकंद लागतो. हा सव्वा सेकंद लक्षात ठेवा, पुढे त्यानेच मला फसवलं.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि पडद्यावर दोन गोष्टी दिसायला लागल्या. पहाटे उजाडल्यापासून आठपर्यंत वरून खाली उतरणाऱ्या तिरक्या रेघा, आरीच्या दातांसारख्या एकापाठोपाठ एक. आणि नऊच्या सुमाराला सगळा पट्टाच हळूहळू उजळायचा, दुपारी बाराला सगळ्यात जास्त, आणि साडेचार-पाचला शांत. रोज. रविवारीसुद्धा.

मला काय वाटलं ते कबूल करतो. सूर्यावरच्या डागांचं आणि स्फोटांचं अकरा-एक वर्षांचं चक्र असतं, त्यातलं 25 वं ऐन भरात होतं, त्यामुळे मी खूश. दहावीच्या वर्गात फळ्यावर ती आरी काढून दाखवली, 'हा सूर्यावरचा स्फोट' म्हणून सांगून मोकळा झालो. वरून खाली घसरणारी रेघ म्हणजे सूर्यच, हे पुस्तकात वाचलेलं होतंच. संध्याकाळी निपाणीच्या एका जुन्या हौशी मित्राला चित्र पाठवलं. तो या कामात माझ्याहून दहा वर्षं पुढे. त्याचं उत्तर एका ओळीचं: "काल दुपारी तुमच्याकडं ढग होते काय?"

होते. आणि त्या वेळी पडद्यावर खड्डे पडले होते. पाच मीटर लांबीच्या रेडिओलाटेला ढग दिसतसुद्धा नाही. सूर्य ढगाआड गेला तर उजेड कमी होतो, 60 मेगाहर्ट्झवरची त्याची लाट जशीच्या तशी खाली येते. म्हणजे ढग आल्यावर जे कमी होतं ते सूर्याच्या *उजेडावर* चालणारं काहीतरी आहे. सूर्याची रेडिओलाट ते नव्हेच.

खरा स्फोट कसा दिसतो ते आधी

चोर ओळखायचा तर घरधनी कसा दिसतो ते माहीत पाहिजे. सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे बाहेरच्या विरळ वातावरणात, इलेक्ट्रॉनची जेवढी दाटी, तेवढी तिथून निघणारी वारंवारता जास्त. घनसेंटीमीटरला जितके इलेक्ट्रॉन त्याचं वर्गमूळ काढून 9 ने गुणलं की किलोहर्ट्झमध्ये आकडा मिळतो. 60 मेगाहर्ट्झ म्हणजे घनसेंटीमीटरला साधारण 4.4 कोटी इलेक्ट्रॉन असलेला थर. स्फोटातून सुटलेला झोत वर वर जातो, दाटी विरळ होत जाते, म्हणून रेघ वरच्या वारंवारतेकडून खालच्या वारंवारतेकडे घसरते.

घसरण्याचा वेग हीच ओळख. तिसऱ्या प्रकारचा स्फोट म्हणजे प्रकाशाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने सुटलेले इलेक्ट्रॉन. 80 वरून 45 मेगाहर्ट्झला यायला त्यांना दोन सेकंदांच्या आसपास लागतात, त्यामुळे माझ्या पडद्यावर ती जवळजवळ उभीच पट्टी दिसते. पण एका जागी ती काही सेकंद रेंगाळते, लगेच विझत नाही. दुसरा प्रकार म्हणजे धक्क्याची लाट. ती सावकाश सरकते, हाच पट्टा उतरायला मिनिटं घेते. माझी आरी अर्ध्या मिनिटात उतरत होती. तिसऱ्याला फार हळू, दुसऱ्याला फार जलद. हे मला पहिल्याच दिवशी खटकायला पाहिजे होतं. खटकलं नाही, कारण मला स्फोट हवाच होता.

हे प्रकार ऑस्ट्रेलियातल्या पॉल वाइल्ड आणि मॅक्रेडी यांनी 1950 मध्ये वर्णपटमापी, म्हणजे कुठल्या वारंवारतेवर कधी किती जोर ते नोंदणारं यंत्र, बनवून लावले, अजून तेच चालतात. आणि गंमत बघा. 1942 च्या फेब्रुवारीअखेरीस ब्रिटिश सैन्याची रडारं अचानक गोंगाटाने भरली, तेव्हा जर्मन लोक मुद्दाम जाम करतायत असा संशय होता. जे. एस. हे नावाच्या शास्त्रज्ञाने दिशा तपासल्या तर सगळ्या सूर्याकडे निघाल्या. ते त्यांनी 1946 मध्ये छापलं, चार ते सहा मीटर लांबीच्या लाटांवर. म्हणजे 50 ते 75 मेगाहर्ट्झ, आपलाच पट्टा. त्यांनी शत्रू समजून सूर्य पकडला. मी सूर्य समजून शेजारी पकडला.

घरापासून सुरुवात

शेजाऱ्यावर जायच्या आधी स्वतःच्या घराचा मेन स्विच पाडा. लॅपटॉप बॅटरीवर, बाकी सगळं बंद, वायफायचा डबासुद्धा. माझ्याकडे मेन पाडल्यावर गोंगाटातला एक हिस्सा गेलाच. देवघरातला एलईडी बल्ब होता तो, बाजारात दहा-वीस रुपयाला मिळतो तसला. नंतर एकेक एमसीबी वर करत गेलो तर टीव्हीच्या डिशचा अडॅप्टरही सापडला. हे दोन्ही बदलले, पण आरी आणि नऊचा उजाळा तसाच.

मग अँटेना काढून तिच्या जागी टर्मिनेटर, म्हणजे आत रोध असलेली टोपी, लावा. डिशवाल्याच्या दुकानात 75 ओहमचा मिळतो, एवढ्या कामाला चालतो. अँटेना काढूनही रेघ दिसत असेल तर ती तुमच्या डब्यातलीच. डोंगलचं घड्याळ 28.8 मेगाहर्ट्झचं असतं, त्यामुळे 57.6 वर एक बारीक सरळ रेघ कायम असते. तिच्यासाठी गल्ली पालथी घालू नका. 48 वरची रेघ बहुतेक यूएसबीची. लांब यूएसबी केबल काढून आखूड घेतली आणि डोंगल पत्र्याच्या डब्यात ठेवला की ती दबते.

तिसरी घरातलीच गोष्ट, आणि बेळगाव शहराच्या जवळ राहणाऱ्यांनी ही सोडू नये. 88 ते 108 मध्ये एफएमची स्टेशनं बसलेली आहेत. डोंगल आठ बिटांचा, बिचारा जोरदार स्टेशनाने गुदमरतो आणि जिथे काही नाही तिथेही खोटे सिग्नल दाखवतो. तपासायचं असं: केबलच्या वाटेत 6 डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल तेवढाच कमी करणारा तुकडा, घाला. संशयित सिग्नल 6 ने उतरला तर तो बाहेरून खरा आलाय. एकदम 12 किंवा 18 ने कोसळला तर तो डोंगलच्या पोटात तयार झालेला. उपाय म्हणजे एफएम अडवणारा फिल्टर आणि गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो ते, कमी करणे. गेन जास्त ठेवला की सूर्य जास्त दिसेल असं वाटतं. तसं होत नाही. या पट्ट्यात आकाशाचा, म्हणजे आकाशगंगेचा, स्वतःचाच गोंगाट एवढा असतो की त्याच्या वर यायला मध्यम गेन पुरतो.

घड्याळाला विचारा

दोन आठवडे मी वेळा लिहून ठेवल्या. ही वही काढाच, पुढचं सगळं तिच्यावर चालतं. रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला येणारं काहीही माणसाचं असतं. आकाशातलं असेल तर ते रोज सुमारे चार मिनिटं लवकर येतं, महिन्याला दोन तास, कारण तारे सूर्याच्या मानाने तेवढे पुढे सरकतात. माझ्या पार्श्वभूमीत एक मंद फुगवटा असा सरकताना दिसतो, ती आकाशगंगा. आणि सूर्याचा खरा स्फोट वेळापत्रक पाळतच नाही.

माझी आरी रोज आठला बंद व्हायची. आठ म्हणजे आठ. कधी आठ-पाच. सूर्य चहा पिऊन उठल्यासारखा.

घड्याळाचा आणखी एक घोळ, नवख्यांचा हमखास. सूर्याची रेडिओ निरीक्षणं करणाऱ्या केंद्रांचं एक जगभरचं जाळं आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. त्याच्या फायली जागतिक वेळेत (यूटीसी) असतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. आपले नऊ म्हणजे तिथे 03:30. 14 मे 2024 ला एक्स 8.7 ची (एक्स हा सगळ्यात जोरदार वर्ग) मोठी ज्वाला झाली ती 16:51 ला, आपल्याकडे रात्रीचे 10:21. त्या रात्री आपल्या पडद्यावर काही दिसलं असेल तर ते सूर्याचं असणं शक्य नाही. 3 ऑक्टोबर 2024 ची एक्स 9.0 ज्वाला 12:18 ला, म्हणजे आपल्या संध्याकाळी 5:48 ला, सूर्य मावळतीला आलेला असताना. अशा तारखा आपल्या वेळेत बदलून बघण्याची सवय लावली की निम्मे गैरसमज तिथेच संपतात.

गौरीबिदनूरची फाईल

बेंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूर इथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं केंद्र आहे, तिथे सूर्याची रेडिओ निरीक्षणं चालतात. कॅलिस्टो नावाचा स्वस्तातला वर्णपटमापी जगभर बसवलेला आहे, झुरिकच्या ईटीएचमध्ये क्रिस्तियान मोनश्टाइन यांनी बनवलेला, 45 ते 870 मेगाहर्ट्झ पाहणारा. त्या जाळ्यात गौरीबिदनूर आणि उटी दोन्ही आहेत. पंधरा-पंधरा मिनिटांच्या फायली कुणालाही फुकट उघडता येतात.

आमच्यापासून गौरीबिदनूर सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास. सूर्य दोघांनाही दिसतो, त्यांना बारा-एक मिनिटं आधी उगवतो एवढंच. माझ्या गावातलं मशीन मात्र त्यांना दिसायचं कारण नाही. मी आरीच्या दहा दिवसांच्या वेळा काढल्या आणि त्यांच्या फायली उघडल्या. दहाही दिवस तिथे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन फळ्यावरचा स्फोट मागे घेतला. पोरं हसली. एक म्हणाला, "मग सर, त्यो कोण व्हता?"

आरी: भाताच्या बांधावर

एका शनिवारी पहाटे सहाला ट्रान्झिस्टर घेऊन निघालो. साधा, मिडीयम वेव्हचा. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला आणि आवाज मोठा केला. टक्. टक्. टक्. सेकंदाहून जरा जास्त अंतराने. मोबाईलवर शंभर टक मोजले, दोन मिनिटं लागली. म्हणजे 1.2 सेकंदाला एक.

तिथेच डोक्यात लख्ख पडलं. माझा डोंगल पट्टा झाडतो 1.25 सेकंदाला, आणि ही टक येते 1.2 सेकंदाला. टक असते मिलिसेकंदांची, त्या क्षणी डोंगल ज्या वारंवारतेवर असेल फक्त तिथे ठिपका पडतो. पुढची टक फेरीच्या मानाने 0.05 सेकंद आधी, म्हणून ठिपका 1.4 मेगाहर्ट्झ खाली. पुढचा आणखी खाली. पंचवीस ठिपक्यांत, अर्ध्या मिनिटात, पट्टा संपतो आणि पुन्हा वरून सुरू. घसरणारी रेघ मुळात नव्हतीच. गाडीचं चाक सिनेमात उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार.

तुमच्याकडे तिरक्या रेघा असतील तर एवढंच करा: झाडायचा वेग बदला. मी तो एक सेकंद केला तशी आरी उलटी, खालून वर चढायला लागली. सूर्य तुमच्या लॅपटॉपच्या सेटिंगप्रमाणे दिशा बदलत नाही.

आता टक कुठून? ट्रान्झिस्टरच्या आत अँटेना म्हणून फेराइटची, म्हणजे चुंबकी मिश्रणाची, आडवी कांडी असते. रेडिओ हातात फिरवत राहिलं की एका दिशेला आवाज एकदम पडतो, तेव्हा कांडीचं टोक चोराकडे असतं. पुढचं की मागचं, ते दोन जागांवरून बघून ठरवायचं. आवाज मोठा होण्यापेक्षा पडण्यावर भरवसा ठेवा, तो जास्त नेमका असतो. दोन बांध ओलांडले, तिसऱ्यावर शेजारचे काका उभे. हातात काठी, डोक्यावर इरलं नाही पण टॉवेल.

"काय ओ गुर्जी, मॅच लागलीय व्हय?"

"न्हाई काका. तुमचं झटका मशीन कुठं हाय?"

आमच्या भागात हे नवीन नाही. गवे आणि डुकरं रात्रीत भात लोळवतात, त्यामुळे बांधाला तार आणि झोपडीत तिच्यात ठरावीक अंतराने विजेचा झटका सोडणारं झटका मशीन. दिवस मावळला की चालू, सकाळी काका दूध घालून आले की बंद. डेअरी आठची. माझ्या वहीतले आठ आणि आठ-पाच ते हेच.

मशीन चांगलं होतं. घोटाळा तारेवर होता. गणपतीनंतर गवत कमरेएवढं वाढलेलं, ओलं, तारेला टेकलेलं. आणि एका खुंटावर इन्सुलेटरऐवजी पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून बसवलेलं, तेही चिरलेलं. काकांनी टॉवेलने उजेड अडवला तेव्हा दिसलं: प्रत्येक टकला चिरेतून खुंटाकडे एक निळी ठिणगी, तांदळाच्या दाण्याएवढी. ही ठिणगी माझ्यासाठी प्रक्षेपक आणि अर्धा किलोमीटर तार तिची अँटेना.

"बंद करतो की," काका म्हणाले, "खरं रात्री गवं आलं तर भात कोण राखणार?"

बंद करायची गरजच नव्हती. मशीन बंद करून गवत कापलं, सहा इन्सुलेटर नवे घातले, पिळलेले सांधे सोडवून घट्ट क्लिपा लावल्या, अर्थिंगच्या सळीभोवती पाणी ओतलं. खर्च माझा, मेहनत दोघांची. आरी गेली. शिवाय ठिणगीत वाया जाणारा झटका आता तारेवर राहतो, म्हणजे काकांचाही फायदा. शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जाण्यापेक्षा हा मुद्दा घेऊन जा, दार लवकर उघडतं. एक सांगून ठेवतो: तारेला घरातली लाईट थेट जोडलेली दिसली तर रेडिओ विसरा आणि आधी ती काढायला लावा. त्याने माणसं मरतात, जनावरंही, आणि तो गुन्हा आहे.

नऊचा उजाळा: छपरावरचा

हा जास्त चिवट निघाला. कांडी फिरवून दिशा नीट मिळेना, सगळीकडून सारखाच.

मित्राच्या ढगाच्या प्रश्नावर परत आलो. एका दुपारी स्लॅबवर वही घेऊन बसलो, लॅपटॉप शेजारी. चोर्ल्याच्या बाजूने पांढरे ढग येत होते, त्यांच्या सावल्या शिवारावरून सरकताना वरून स्पष्ट दिसतात. सावली पहिल्या गल्लीवर आली, पडद्यावर काही नाही. दुसऱ्या गल्लीवर आली, काही नाही. तिसऱ्या गल्लीतल्या एका स्लॅबवर चढली आणि दोन सेकंदांत गोंगाट सहा डेसिबलने खाली. सावली उतरली, गोंगाट वर. चार ढग, चारही वेळा तेच घर. असा दिशादर्शक कुठल्या दुकानात मिळत नाही.

त्या घरावर 3 किलोवॉटचं सोलर बसलं होतं, गणपतीच्या आधी पंधरा दिवस. पीएम सूर्यघर योजना 2024 च्या फेब्रुवारीत आली, तेव्हापासून आमच्याकडे छपरं बदलायला लागलीत. पॅनेलमधून डीसी येतो, इन्व्हर्टर तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एसी बनवतो, आणि त्या चालू-बंदच्या पटी वर मेगाहर्ट्झपर्यंत जातात. ऊन जेवढं कडक तेवढा इन्व्हर्टर जोरात. सकाळी ऊन पुरेसं चढलं की काम सुरू, संध्याकाळी ऊन उतरलं की झोप. सूर्याची इतकी हुबेहूब नक्कल दुसरं काही करत नाही. सौरपंपाचा कंट्रोलरही असाच वागतो, फक्त पाणी पाजायचं नसेल त्या दिवशी गप्प असतो.

घर माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं. वर गेलो तर कारण डोळ्यांसमोर: पॅनेलची अधिक तार स्लॅबच्या एका कडेने खाली आलेली, उणे तार दुसऱ्या कडेने. दोघींच्या मधे अख्खी स्लॅब. म्हणजे एवढ्या मोठ्या वेढ्याची अँटेना बसवून दिली होती, फुकटात. बसवणाऱ्याला नावं ठेवत नाही, वीज बरोबर येत होती, त्याच्या हिशेबी काम पूर्ण.

इथे सावध. पॅनेलची माळ भर उन्हात काही शे व्होल्टवर असते आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही. चालू लोडवर जोडण्या ओढून काढायच्या नाहीत, इन्व्हर्टर स्वतः उघडायचा नाही. आम्ही बसवणाऱ्यालाच बोलावलं. तो संध्याकाळी आला, डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वीज तोडायचा खटका, पाडला, दोन्ही तारा एकाच पाइपातून शेजारी शेजारी आणल्या. एवढ्यानेच निम्म्याहून जास्त गोंगाट गेला, दुसऱ्या दिवशी मोजलं तर चार डेसिबलचा फरक.

उरलेला फेराइटने घालवला. 31 नंबरच्या मिश्रणाची कडी घ्या, ती 1 ते 300 मेगाहर्ट्झला चालते. 43 नंबरची 25 च्या वर. दुकानदार 'फेराइट म्हणजे फेराइट' म्हणतो, ते ऐकू नका. चार्जरच्या केबलवरून काढलेली अनोळखी कडी कधी चालते, कधी नाही. अधिक आणि उणे दोन्ही तारा *एकाच* कडीतून गेल्या पाहिजेत. एकटी तार घातली तर डीसीनेच कडी भरून जाते आणि काही उपयोग राहत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढे म्हणजे नऊपट, निदान कागदावर. कडी इन्व्हर्टरच्या जितकी जवळ तितकी चांगली. डीसीच्या बाजूला एक आणि एसीच्या बाजूला एक घातली, तीही आयसोलेटर आणि एमसीबी पाडूनच. आता बाराच्या उन्हातही एखादाच डेसिबल वर असतो, तेवढं चालवून घेतो.

बाकीचं थोडक्यात

हिवाळ्यात कोरड्या हवेत भरभर असा सलग आवाज येत असेल आणि पाऊस पडल्यावर गायब होत असेल, तर 11 केव्हीच्या लाईनवर सैल तार किंवा चिरलेला इन्सुलेटर. खांबाला हात लावायचा नाही, ठोकायचं तर मुळीच नाही. खांबाचा नंबर लिहून कळवायचं. आमचे लाईनमन "नाळी बर्तीन्री सर" म्हणजे उद्या येतो म्हणाले आणि खरंच तिसऱ्या उद्याला आले. सैल बाइंडिंग होती.

एप्रिल-मेच्या दुपारी वळवाच्या विजा पट्ट्याभर ठिपके पाडतात. ट्रान्झिस्टर चालू ठेवा, त्याच क्षणी कडकड झाली तर वीज. बेळगावात वडगाव-शहापूरकडे यंत्रमागाशेजारी राहणाऱ्या एका सहकाऱ्याने खटपट करून शेवटी अँटेना गावच्या घरी नेली. मीही तेच सांगितलं असतं.

आणि पाणी. आमच्याकडचा पाऊस इन्सुलेशन टेपला जुमानत नाही. पावसाळ्यात पार्श्वभूमी हळूहळू खाली जात असेल आणि दिवाळीनंतर आपोआप सुधारत असेल तर कनेक्टरात पाणी शिरलंय. स्वतःला चिकटणारी रबरी टेप वापरा, आणि केबल खोलीत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथून गळतो. आत हिरवट तांबं दिसलं तर तेवढा तुकडा कापून टाका, पुसत बसू नका.

डिसेंबरात एका सकाळी अकरानंतर उभी पट्टी आली, वर जरा आधी, खाली जरा नंतर, आणि चार-पाच सेकंद रेंगाळली. आभाळ स्वच्छ. झाडायचा वेग बदलून वाट पाहिली, दहा मिनिटांत आणखी दोन आल्या, उतार तसाच. संध्याकाळी गौरीबिदनूरची फाईल उघडली. तिन्ही होत्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर परत काढल्या, तर पहिल्या बाकावरून लगेच विचारणा: "सर, ढग व्हते काय?"

अजून एक राहिलंय. 52 च्या जवळ एक रुंद पट्टी रात्री साडेनऊ ते अकरा येते आणि सोमवारी येत नाही. झटका नाही, सोलर नाही, लाईन नाही. माझा संशय पिठाच्या गिरणीशेजारच्या नव्या एलईडी पाटीवर आहे, सोमवारी ते दुकान बंद असतं. कुणाकडे असंच दिसत असेल तर वेळ, मेगाहर्ट्झ आणि त्या दिवशीचा वार कळवा.